गाळणी डोळ्यावर की दिव्यावर?



आजच्या विषयाचं इंग्रजी नाव ऐकलं तर तुम्ही व्हिडिओ बंद कराल. 'प्रोग्रॅमेबल लाइट सोर्स फॉर मल्टिस्पेक्ट्रल मेडिकल इमेजिंग'. साध्या मराठीत सांगतो: असा दिवा, ज्याला आपण हुकूम देऊ शकतो. अमुक रंगाचा उजेड टाक, इतकाच टाक, इतक्याच वेळ टाक, आणि कॅमेऱ्यानं फोटो काढला की पुढच्या रंगावर जा. अशा दिव्यात शरीराच्या एकाच जागेचे आठ-दहा फोटो काढायचे आणि त्यांची एकमेकांशी तुलना करायची.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. सैन्यात मी ईएमईमध्ये होतो. दुर्बिणी, नेमबाजीची साइट, रात्री बघायची उपकरणं, हे सगळं बिघडलं की आमच्या वर्कशॉपमध्ये यायचं. उजेडाशी माझी ओळख एवढीच. या विषयाकडे मी वळलो तो एका माणसामुळे.

माझ्या युनिटमधले एक सुभेदारसाहेब. मूळचे गोंदियाकडचे, आता निवृत्त होऊन इथंच भिलाईत, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. नागपूरच्या पोस्टिंगमध्ये त्यांना खर्ऱ्याची सवय लागली. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घोटून केलेला तो खर्रा. विदर्भातल्या माणसाला मी काय समजावून सांगणार! छत्तीसगडला आल्यावर त्यात गुडाखूची भर पडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गुडाखू म्हणजे गूळ आणि तंबाखूची मशेरीसारखी दातांना घासायची पेस्ट. इथं सकाळी बायकाही घासताना दिसतात.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. पाच रुपयांच्या नाण्याहून मोठा. एका दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, कर्करोग नाही. वहिनींनी आमच्याकडे पेढे आणून दिले. सात महिन्यांनी गाल सुजला आणि तोंड उघडेना. दुसरीकडे पुन्हा तुकडा काढला. पहिल्या जागेपासून जेमतेम दोन सेंटीमीटर मागे. या वेळी कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला, वर रेडिएशन.

पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. चट्टा मोठा होता. त्याचा काही भाग निरुपद्रवी आणि काही भाग बिघडलेला, असं असू शकतं, असतंच. पांढऱ्या उजेडात दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. तुकडा तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढा. तो निरुपद्रवी भागातून निघाला तर लॅबवाला खरंच सांगणार, कर्करोग नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो एकच: तुकडा कुठून काढायचा?

तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण सैन्यात आम्ही असाच प्रश्न वेगळ्या रूपात पाहिला होता. झाडीत लपवलेली गाडी शोधायची आहे. वर हिरवी जाळी आहे, आजूबाजूला हिरवी पानं आहेत. डोळ्याला दोन्ही हिरवंच. पण झाडाचं पान डोळ्याला न दिसणारं एक काम करत असतं. तांबडा प्रकाश, म्हणजे साधारण ६८० नॅनोमीटरचा, ते गिळतं आणि ७०० च्या पलीकडचा इन्फ्रारेड प्रकाश जोरात परत फेकतं. साधा हिरवा रंग तसं करत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात कोडॅकनं इन्फ्रारेडला संवेदनशील रंगीत फिल्म बनवली. तिच्यात जिवंत झाडी लालभडक येते आणि रंगवलेली जाळी वेगळी उठून दिसते. आता चांगल्या जाळ्यांचा रंग इन्फ्रारेडमध्येही पानासारखा वागेल असा बनवतात, तो भाग वेगळा. सांगायचं एवढंच की दोन गोष्टी एका उजेडात सारख्या दिसल्या, म्हणजे त्या सारख्या आहेत असं होत नाही.

शरीरात पानाच्या हरितद्रव्याची जागा रक्तातलं हिमोग्लोबिन घेतं. ते जांभळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं, ४१५ नॅनोमीटरच्या आसपास. ऑक्सिजन भरलेलं असेल तर हिरव्या-पिवळ्या भागात त्याचे आणखी दोन खड्डे असतात, एक ५४० च्या आसपास, दुसरा ५७५ च्या आसपास. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे हे दोन खड्डे जाऊन ५५५ जवळ एकच राहतो. म्हणजे त्या जागी रक्त किती आहे आणि ऑक्सिजन किती आहे, हे त्या रंगांच्या परतीच्या उजेडात लिहिलेलं असतं. गाठ वाढायला लागली की आधी रक्ताची रसद वाढवते. फौजी माणसाला हे लगेच पटेल.

हा वेडेपणा वाटत असेल तर कोरोनातला ऑक्सिमीटर आठवा. बोटाला लावायची ती चिमटी म्हणजे दोन दिव्यांचं, हुकमावर चालणारं उपकरण आहे. ६६० चा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड. आधी लाल पेटतो, मग इन्फ्रारेड, मग दोन्ही विझतात. दोन्ही कशाला विझवायचे? खोलीतला उजेड किती घुसतोय ते मोजून वजा करायला. सेकंदात अनेकदा हे चालतं. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ही युक्ती काढली. आपल्या विषयातला दिवा म्हणजे ऑक्सिमीटरचाच मोठा भाऊ, फक्त इथं दोनाऐवजी आठ-दहा रंग आणि एका बोटाऐवजी पूर्ण चित्र.

आता भिलाईचं उदाहरण घेतो. स्टील प्लांटच्या जुन्या ओपन हार्थ भट्ट्यांवर काम केलेली माणसं आजही आपल्यात आहेत. भट्टीत बघायला ते निळी कोबाल्ट काच वापरायचे. त्या काचेतून पोलादाचा ताव कळायचा, नाहीतर नुसता डोळे दिपवणारा झगमगाट. तिथं गाळणी डोळ्यावर लावावी लागते, कारण भट्टी स्वतःच पेटलेली आहे, तिचा उजेड आपल्या हातात नाही. तोंडाचं उलट आहे. तोंड म्हणजे अंधारी गुहा. आत जो उजेड जाईल तो आपणच नेलेला. मग गाळणी कॅमेऱ्यावर कशाला, दिव्यावरच लावा की! दिवाच ५४० चा, मग दिवाच ५७५ चा.

कुणी विचारेल, माझ्या मोबाइलचा कॅमेरा रंगीत आहे, तो पुरत नाही का? नाही पुरत. त्यात लाल, हिरवी, निळी अशा तीनच गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी फार रुंद. ५४० आणि ५७५ हे दोन्ही मुख्यतः हिरव्या गाळणीत एकत्र पडतात. दोन साक्षीदारांना एकाच वेळी बोलू दिलं तर कोर्टात जे होईल तेच होतं. म्हणून इथं बऱ्याचदा काळा-पांढरा कॅमेरा वापरतात आणि रंगाचं सगळं काम दिव्यावर सोपवतात.

पूर्वी हे काम झेनॉनचा बल्ब आणि त्यापुढं फिरणारं काचांचं चाक असं व्हायचं. बल्ब तापतो, चाक फिरायला आणि स्थिर व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात रोग्याचा गाल हलतो. मग पहिल्या फोटोतली जागा दुसऱ्यात भलतीकडेच. एलईडीनं हे बदललं. एलईडी मायक्रोसेकंदात पेटतो आणि विझतो. कॅमेऱ्याच्या प्रत्येक फ्रेमबरोबर एक सिग्नल येतो आणि छोटा मायक्रोकंट्रोलर पुढचा दिवा लावतो. आठ रंग आणि सेकंदाला ३० चित्रं धरली तर पाव सेकंदात काम संपतं. याहून महागडाही मार्ग आहे. पांढरा प्रकाश जाळीवरून फाकवून इंद्रधनुष्य करायचं आणि ते हजारो सूक्ष्म आरशांवर पाडायचं. ज्या रंगाचा आरसा वळवाल तोच रंग बाहेर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये बनवलेली ही आरशांची चिप सिनेमाच्या प्रोजेक्टरात बसते. प्रयोगशाळेत ती उत्तम. तालुक्याच्या दवाखान्यात मला एलईडीच बरा वाटतो, तो बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस सापडतो.

पण एलईडीचेही नखरे आहेत, ते विकणारे सांगत नाहीत. पहिला असा की साधारण ५५० ते ५९० च्या पट्ट्यात एलईडी दुबळे असतात. या क्षेत्रातले लोक त्याला 'ग्रीन गॅप' म्हणतात. आणि आपल्याला नेमका ५७५ हवा असतो! मग पांढऱ्या एलईडीसमोर काच लावून तो रंग मिळवावा लागतो. दुसरा नखरा गर्मीचा. लाल-पिवळे एलईडी तापले की त्यांचा उजेड चांगलाच घसरतो, निळ्यांचा तेवढा नाही, शिवाय रंगही थोडा सरकतो. वातानुकूलित प्रयोगशाळेत जुळवलेलं यंत्र मे महिन्यात भिलाईच्या ४५ अंशांत उघडलं तर दोन रंगांचं प्रमाण आपोआप बदलणार, आणि यंत्र सांगणार की रोग्याचं रक्त बदललं. वर्कशॉपमध्ये आमचा नियम होता, साइट शून्यावर आणल्याशिवाय गोळी झाडायची नाही. इथंही तेच. प्रत्येक रोग्याआधी प्रमाणित पांढऱ्या टाइलचा फोटो, सगळे दिवे बंद ठेवून एक काळा फोटो, आणि दिव्याच्या आत एक छोटा फोटोडायोड जो उजेडावर नजर ठेवेल. तोंडात आणखी एक कटकट असते ती लाळेची. ओल्या गालावर उजेड चमकतो आणि त्या चकाकीत रक्ताची काहीच माहिती नसते. दिव्यावर एक आणि कॅमेऱ्यावर त्याला आडवा असा दुसरा पोलरायझर लावला की चकाकी जाते.

हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका. तिरुअनंतपुरमला नारायणन सुभाष नावाचे शास्त्रज्ञ सेंटर फॉर अर्थ सायन्स स्टडीजमध्ये, म्हणजे चक्क भूविज्ञानाच्या संस्थेत, झाडांच्या पानांवर लेझर टाकून त्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करायचे. मी जाळीची गोष्ट मघाशी उगीच सांगितली नाही. तीच विद्या त्यांनी तोंडाकडे वळवली. ५४० आणि ५७५ या दोन रंगांच्या परतलेल्या उजेडाचं गुणोत्तर घेतलं तर निरोगी आणि बिघडलेला भाग वेगळा काढता येतो, असा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध २००६ मध्ये जर्नल ऑफ बायोमेडिकल ऑप्टिक्समध्ये आला. पुढं त्यातूनच सास्कॅन मेडिटेक ही कंपनी आणि ओरलस्कॅन हा हातात धरायचा कॅमेरा निघाला. २०२० मध्ये तो बाजारात आला. तुकडा कुठून काढावा हे डॉक्टरांना दाखवणं, हे त्याचं एक मुख्य काम.

मला त्या गुणोत्तरातली अक्कल फार आवडली. आपल्या लोकांच्या तोंडात आतूनही सावळे-काळे डाग असतात, तो रोग नाही, मेलॅनिन आहे. मेलॅनिन जांभळ्याकडे जास्त शोषतं आणि लालकडे हळूहळू कमी. जांभळ्या आणि लाल रंगाची तुलना केली तर मेलॅनिन सगळा हिशेब बिघडवतो. पण ५४० आणि ५७५ शेजारी-शेजारी आहेत. दोन्हीकडून मेलॅनिन जवळपास सारखाच कर वसूल करतो आणि भागाकारात तो बराचसा कटून जातो.

दुसरी पद्धत आहे ४०५ च्या जांभळ्या उजेडाची. त्यात निरोगी त्वचा स्वतःहून हिरवट चमकते आणि बिघडलेला भाग काळपट दिसतो. दिसायला नाट्यमय, प्रदर्शनात लोक टाळ्या वाजवतात. पण नुसती सूज असली तरी काळपट, मेलॅनिन असला तरी काळपट. जिभेवरच्या जंतूंमुळे कधी लालसर चमक येते तो आणखी घोळ. आणि सुपारी खाणाऱ्यांचा गाल आतून ताठ झालेला असेल तर तिथली चमक आधीच बदललेली. एकट्या जांभळ्या उजेडावर ज्यांचा भरवसा आहे त्यांनी आमच्या सुभेदारसाहेबांचं तोंड पाहिलेलं नाही. जांभळ्या उजेडाचा फोटो आणि हिमोग्लोबिनच्या रंगांचे फोटो एकत्र वाचले तरच काही कळतं, म्हणून तर दिवा हुकमी हवा.

रंगाची गोष्ट निघालीच आहे तर ऑक्सिमीटरकडे पुन्हा येतो. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी आकडे दिले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत होता, पण धमनीतलं रक्त तपासल्यावर ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाला, असं गोऱ्या रोग्यांत ३.६ टक्के वेळा आणि काळ्या रोग्यांत ११.७ टक्के वेळा झालं. दोनच दिव्यांचं, इतकी वर्षं वापरातलं यंत्र, तरी ही गत. मग दहा दिव्यांचं नवं यंत्र कुणी दारात घेऊन आला तर मी पहिला प्रश्न विचारीन की हे कोणाच्या तोंडांवर जुळवलंय? किती तोंडं? त्यात खर्रा खाणारी किती, गुडाखू घासणारी किती? कोणते रंग वापरता ते आकड्यात सांगा. 'एआय आहे साहेब' हे उत्तर मी घेत नाही.

भिलाईकरांसाठी तोंडाच्या पलीकडचा एक उपयोग सांगायला हवा, भाजलेल्या जखमांचा. या गावाला ९ ऑक्टोबर २०१८ विसरता येणार नाही. कोक ओव्हनजवळच्या गॅस पाइपलाइनच्या स्फोटात त्या एका दिवशी नऊ जण गेले, पुढं आकडा वाढला. आपल्या सेक्टर ९ च्या जवाहरलाल नेहरू हॉस्पिटलमध्ये भाजलेल्यांचा विभाग आहे, आणि पोलादाच्या गावात तो असायलाच हवा. भाजलेल्या माणसाच्या बाबतीत सर्जनसमोर पहिल्या काही दिवसांतला कठीण निर्णय असतो की ही कातडी आपोआप भरेल की दुसरीकडची कातडी लावावी लागेल. वरवरचं आणि खोल भाजणं मधल्या पायरीवर फारच सारखं दिसतं. अनुभवी सर्जनची नजरही साधारण ६० ते ७५ टक्के वेळा बरोबर ठरते, असं वैद्यकीय लिखाणात पुन्हा पुन्हा येतं. इथं रंग म्हणजे खोली. निळा उजेड कातडीत मिलिमीटरच्या अंशभरच उतरतो, हिरवा थोडा जास्त, लाल आणि इन्फ्रारेड काही मिलिमीटर. एकेका रंगात फोटो घेतला की कोणत्या थरापर्यंत रक्त चालू आहे याचा अंदाज येतो. अमेरिकेत डॅलसची स्पेक्ट्रल एआय (आधीचं नाव स्पेक्ट्रल एमडी) ही कंपनी डीपव्ह्यू नावाचं यंत्र यासाठीच बनवते. आपल्याकडे भट्टीवरच्या कामगाराच्या सावळ्या पाठीवर ते कसं वागेल हे आपल्याच विभागांत तपासायला हवं. आयआयटी इथं आली आहे, हॉस्पिटल इथं आहे. अंतर काही मैलांचं आहे.

आता थोडं माझ्याच विषयाच्या विरुद्ध बोलतो. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठी चाचणी झाली. सुमारे १ लाख ९० हजार माणसं, वय ३५ च्या वर. निम्म्यांकडे शिकवलेले आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन चांगल्या उजेडात तोंड बघायचे. बस. ना लेझर, ना एलईडीची रांग. २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. बहुरंगी दिव्यामागं या तोडीचा पुरावा अजून उभा नाही. म्हणून गावोगाव महागडी यंत्रं वाटा असं मी म्हणणार नाही. गावात टॉर्च, तोंड उघडायला लावणारी मितानीन किंवा आशाताई, आणि चट्टा दिसला की पुढं पाठवणं. जिथं तुकडा काढतात तिथं मात्र, म्हणजे जिल्ह्याच्या आणि मोठ्या हॉस्पिटलांत, हा दिवा असावा. चट्टा दोन सेंटीमीटरचा आणि तुकडा दोन मिलिमीटरचा, त्यातलं अंतर कापायला. आणि ज्यांच्या तोंडात चट्टा आहे आणि रिपोर्ट चांगला आला आहे, त्यांनी पेढे जरूर वाटावेत, पण डॉक्टरांना विचारावं की तुकडा नेमका कुठून घेतला, आणि चट्टा गेला नाही तर पुन्हा कधी यायचं. आम्ही ते विचारलं नव्हतं. मीही बरोबर होतो, मलाही सुचलं नाही.

सुभेदारसाहेबांचं तोंड आता दोन बोटं जाईल एवढंच उघडतं. वहिनी भात मऊ शिजवतात, वरण गाळून देतात. खर्रा सुटला, गुडाखू सुटला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आमच्याकडे येतात आणि मी टॉर्चनं उजवा गाल बघतो. जुन्या सवयीनं वहीत तारीख घालून जागा काढून ठेवतो. परवाच्या रविवारी मागच्या दाढेजवळ एक लालसर ठिपका दिसला, मागच्या महिन्याच्या पानावर तो नव्हता. जेवताना चावलं गेलं असेल असं ते म्हणतात. असेलही. सोमवारी सकाळी नऊला आम्ही दोघं दाखवायला निघतोय, वही बरोबर घेऊन.